नमुना ड : मयताच्या चेहऱ्याचे वर्णन

सन १९७९ च्या एप्रिल महिन्यात रुपराव काळबांडे यांनी आपल्या मृत पत्नीचा फोटो परत मिळावा म्हणून नागपूरच्या सदर भागातल्या एका सरकारी कार्यालयात अर्ज केला. फोटो कार्यालयात होता, पत्नी रुपरावांची होती आणि ती वारलेली होती. या तिन्ही गोष्टींबद्दल कोणाचंच दुमत नव्हतं. त्यामुळे काम लांबणार हे दारावरच्या शिपायानेसुद्धा ओळखलं.

रुपराव संत्रा मार्केटात मोजणीदार होते. एका फेकीत पाच संत्री, अशी त्यांनी तीस वर्षं संत्री मोजली. मोजता मोजता कोणी हाक मारली, बैल सुटला, शेजारी दोन दलालांची गचांडी धरण्यापर्यंत गोष्ट गेली, तरी त्यांच्या डोक्यातला आकडा जागचा हलायचा नाही. पंधरा वर्षांपूर्वीच्या बहारात अमुक बागवानाचा ढीग किती भरला होता, असं कोणी विचारलं तर ते तोंडातली विडी न काढता सांगायचे. बाजारात त्यांच्या स्मरणशक्तीवर पैजा लागत.

अशा माणसाकडे बायकोचा एकही फोटो नव्हता. लग्न गावात झालं तेव्हा गावात कॅमेरा पोचला नव्हता. पुढे नागपुरात बिऱ्हाड केल्यावर दर वर्षी ठरायचं, हंगाम संपला की सीताबर्डीवर जाऊन जोडीने फोटो काढायचा. हंगाम संपायचा आणि रुपराव विसरायचे. वच्छलाबाईंनी एकतीस वेळा आठवण करून दिली. बत्तिसाव्या वर्षी, फाल्गुनात, तीन दिवसांच्या तापाने त्या गेल्या.

तेरवीला पाटावर फोटोच्या जागी त्यांचं लुगडं घडी करून ठेवलं होतं. वच्छलाबाईंचा भाऊ रामाजी उमरेडहून आला होता. त्याने लुगड्याला हात जोडले आणि चारचौघांत म्हणाला, "बहिणीले भेटाले आलो होतो बावा. हे तं कापडाचं दुकान दिसून राहिलं."

रुपरावांनी त्याच दिवशी ठरवलं, वर्षश्राद्धाला फोटो लागलाच पाहिजे. पण रामाजीचा टोमणा हे वरवरचं कारण होतं. खरी भीती त्यांनी कोणाला सांगितली नाही. सकाळी चुलीकडे नजर गेली की तिथे बसलेली वच्छलाबाई त्यांना दिसायची, पण पाठमोरी. हाक मारावी, तिने वळावं, आणि वळता वळता चेहऱ्याच्या जागी काहीच नसावं. दर आठवड्याला ती थोडी थोडी कमी वळू लागली होती.

फोटोची वाट शेजारच्या मनकर्णाबाईंनी दाखवली. "हाय ना तिचा फोटो, भाऊजी. चौऱ्याहत्तर साली साक्षरतेच्या वर्गात आमी अकरा बाया होतो. फोटूवाला आला होता, सगळ्याईचे फोटो काढले. सरकारच्या वहीत चिकटवले म्हणे. आमाले तं दाखवले बी नाई."

म्हणून रुपराव विभागीय प्रौढ स्त्री साक्षरता मंडळाच्या कार्यालयात, वरिष्ठ लिपिक श्री. कृष्णकांत बोधनकर यांच्या टेबलासमोर उभे होते.

"मयताचं नाव?" बोधनकरांनी विचारलं.

रुपराव थबकले. बायकोचं नाव त्यांनी आयुष्यात एकदाच घेतलं होतं, लग्नात, तेही बायकांनी दार अडवलं म्हणून.

"गोपिकाची माय," ते म्हणाले.

"ते नातं झालं. नाव सांगा."

रुपरावांनी इकडेतिकडे बघितलं आणि चोरी कबूल करावी तसे हळूच म्हणाले, "वच्छला."

बोधनकरांनी कपाटातून एक जाड नोंदवही काढली, पान उघडलं आणि रुपरावांना काही दिसण्याच्या आत वहीवर पुठ्ठा आडवा धरला. "फोटो आहे. पण आधी नमुना ड भरावा लागेल. मयताच्या चेहऱ्याचं वर्णन. एकवीस प्रश्न आहेत, त्यांतले पंधरा बरोबर यायला हवेत. वर्णन फोटोशी जुळलं की फोटो तुमचा."

"साहेब, तो फोटो दाखवा ना मले. मी पायल्याबरोबर ओळखतो."

"पाहून कोणीही ओळखेल. त्यात पुरावा काय राहिला?" बोधनकर म्हणाले. "काळबांडे, या नियमाला कारण आहे. एकाहत्तर साली या कार्यालयातून एका गृहस्थांना भलताच फोटो गेला. त्यांनी तो काचेत बसवला, हार घातला, दोन वर्षं रोज उदबत्ती लावली. तिसऱ्या वर्षी ती बाई त्यांच्याच दारात बोरं विकायला आली."

"आई गं! मंग?"

"मग काय? तिने फोटो परत मागितला. गृहस्थ देईनात. म्हणाले, आता सवय झाली."

या टेबलाबद्दल इथे थोडं सांगितलं पाहिजे. बोधनकरांना दोन प्रकारचं स्मरण होतं. एक पानाचा विडा तोंडात असेपर्यंत टिकायचं. दुसरं कधीच पुसलं जायचं नाही. पहिल्यात समोर उभी असलेली माणसं असत आणि दुसऱ्यात परिपत्रकं. एकसष्ट सालचं परिपत्रक ते तारीख, जावक क्रमांक आणि खालच्या सहीसकट म्हणून दाखवत. पण रुपराव पाणी प्यायला व्हरांड्यात जाऊन परत आले तेव्हा बोधनकरांनी मान वर करून विचारलं, "बोला, आपलं काय काम?"

त्या दिवसापासून रुपरावांनी कार्यालयात पाणी पिणं सोडलं.

नमुना ड भरायला सुरुवात झाली. रुपरावांना आकडे पक्के येत होते, अक्षरं अडखळत येत. बोधनकर प्रश्न वाचत आणि उत्तर लिहून घेत.

"कपाळ. रुंद, मध्यम की अरुंद?"

"पदर असे ना साहेब तिच्या डोक्यावर. कपाळाच्या कडा मी कधी पायल्याच नाई."

"मध्यम लिहितो. भुवया जुळलेल्या की सुट्या?"

"मी घरात पाय टाकला का जुळत."

"रागाचं विचारलेलं नाही, कायमचं विचारलं आहे. सुट्या. हनुवटीवर तीळ?"

"होता!" रुपराव एकदम खुलले. "डाव्या अंगाले." मग त्यांनी हवेत बोट फिरवलं. "थांबा. ती चुलीपाशी बसे अन् मी दारात. माया डाव्या अंगाले म्हणजे तिच्या..." त्यांनी उभ्या उभ्या उलटं वळून बघितलं, पुन्हा सुलटे झाले. शिपाई हातातला चहा घेऊन बघत उभा राहिला.

"एक बाजू सांगा."

"डावी."

"चेहऱ्यावरचे भाव?"

"हसून राहिली असन."

"असन चालत नाही. हसू आहे की नाही?"

"हाय. तिच्या तोंडावर हसू असेच, साहेब. दाबलं तरी असे. घरात पाव्हणे आले, मी काही येडपटासारखं बोललो, तं ओठ दाबून घे अन् भिंतीकडे पाहे."

बोधनकरांनी 'हसू : आहे' असं लिहिलं. "चष्मा?"

"छ्या! तिले काहाले चष्मा? मले सुईत दोरा तिच्याकडून ओवून घ्या लागे."

बोधनकरांनी पुठ्ठ्याआड फोटो पाहत उत्तरं तपासली. रुपराव त्यांच्या पेन्सिलीकडे बघत होते. खुणा त्यांनी सवयीने मोजल्या. बोधनकरांनी बेरीज करायच्या आत त्यांना कळलं होतं. नऊ.

"नापास," बोधनकर म्हणाले. "काय चुकलं ते सांगता येत नाही, गोपनीय असतं. नव्वद दिवसांनी पुन्हा या. ही मुदत स्मरण ताजं होण्यासाठी दिलेली आहे."

"नव्वद दिवसांनी ताजं कसं होईन, साहेब? ते तं आणखी शिळं होईन."

"परिपत्रकात ताजं असं लिहिलं आहे," बोधनकर म्हणाले. मग त्यांना काय वाटलं कोण जाणे, त्यांनी आवाज खाली आणला. "माणुसकी म्हणून सांगतो. चष्म्याचा नीट विचार करून या."

रुपरावांनी नव्वद दिवस चष्म्याचा विचार केला.

पहिल्या महिन्यात त्यांना सरकार खोटं वाटलं. पण सरकारकडे फोटो होता आणि त्यांच्याकडे पाठमोरी बाई होती. दुसऱ्या महिन्यात एका सकाळी ती चुलीपासून थोडी वळली आणि तिच्या कानावर काडी दिसली. काळी काडी. मग तुरीची डाळ निवडताना चष्मा दिसला. मग पोथी वाचताना. वास्तविक वच्छलाबाई साक्षर झाल्या त्या फक्त सही करण्यापुरत्या, पण आता त्या रुपरावांच्या डोक्यात रोज सकाळी चष्मा लावून पोथी वाचू लागल्या. तिसऱ्या महिन्यात रुपरावांनी चष्म्याची डबी शोधायला ट्रंक उपसली. डबी मिळाली नाही, तेव्हा त्यांना स्पष्ट आठवलं की ती रामटेकच्या जत्रेत हरवली होती. इतकंच नाही, डबी हरवली म्हणून आपण तिला पायऱ्यांवर रागावलो होतो हेही आठवलं. मग त्यांना वाईट वाटलं. वस्तू ती काय, आणि चारचौघांत एवढं बोलायला नको होतं. त्या दिवशी ते जेवले नाहीत.

जुलैत ते दुसऱ्यांदा नमुना ड द्यायला गेले.

"बोला, आपलं काय काम?" बोधनकरांनी विचारलं.

या वेळी रुपराव धडाधड उत्तरं देत गेले. तिळाची बाजू त्यांनी बदलली. हसूही कमी केलं, कारण एवढ्या मोठ्या कार्यालयाला ते दिसत नसेल तर ते नसेलच. चष्म्याचा प्रश्न आला तेव्हा तर ते पुढे सरकून म्हणाले, "होता साहेब. काळ्या काडीचा. डाव्या काचेले जरासा ओरखडा."

बोधनकरांनी पुठ्ठ्याआड डोकावून बघितलं. ओरखडा होता. एकवीसपैकी सोळा. रुपराव पास झाले आणि बोधनकरांनी पहिल्यांदा त्यांना बसायला खुर्ची दिली.

खुर्चीवर ते टेकतात तोच आतल्या खोलीतून बोधनकरांच्या साहेबांनी फाईल मागवली. साहेब विचारी होते. त्यांनी एप्रिलचा नमुना आणि जुलैचा नमुना शेजारी शेजारी ठेवला.

"एप्रिलमध्ये चष्मा नाही," साहेब म्हणाले. "जुलैमध्ये आहे. बाई वारल्या मार्चमध्ये. म्हणजे चष्मा त्यानंतर लागला."

"नाई साहेब, पयलेपासून होता. मी इसरलो होतो."

"विसरण्यासाठी या नमुन्यात रकाना नाही, काळबांडे. रकाना आहे तो 'दरम्यानच्या काळात झालेला बदल' असा." साहेबांनी लाल शाईत शेरा मारला आणि बोधनकरांनी तो मोठ्याने वाचून दाखवला. 'मयत व्यक्तीस मृत्यूनंतर चष्मा लागल्याबाबत नेत्रतज्ज्ञाचे प्रमाणपत्र जोडावे.'

रुपराव नेत्रतज्ज्ञाकडेही गेले. डॉक्टर भला माणूस होता. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "पेशंटला आणा, मग पाहू."

ऑगस्टमध्ये एका दुपारी रुपराव मनकर्णाबाईंच्या ओट्यावर जाऊन बसले. मनकर्णाबाई शेंगा सोलत होत्या. त्यांचे यजमान नानाजी बाजेवर पडून छताकडे बघत होते.

"मनकर्णाबाई, एक साक्ष द्या लागते," रुपराव म्हणाले. "तिले चष्मा होता, असं लिहून द्या."

मनकर्णाबाईंच्या हातातली शेंग तशीच राहिली. "कोनाले चष्मा?"

"गोपिकाच्या मायले. नाई का, काळ्या काडीचा. जत्रेत डबी हरपली."

मनकर्णाबाईंनी आधी नानाजींकडे बघितलं, मग रुपरावांकडे, आणि मग त्या इतक्या हसल्या की शेंगांचं सूप कलंडलं. "अवो भाऊजी, तो चष्मा तं सिंधूताई मास्तरणीचा!"

"म्हणजे?"

"फोटो काढाच्या दिवशी तुमची बाई म्हणे, शिकलेल्या बाईचा फोटो हाय, शिकलेलं दिसलं पाह्यजे. मास्तरणबाईचा चष्मा तिनंच मांगला. तिनं लावला, मंग मी काहून मांगं राहू? मंग कौशल्येनं लावला. एकीनं काढला का दुसरीनं लावला. अकराच्या अकरा बायांचा एकच चष्मा!"

रुपरावांनी सांडलेल्या शेंगा पाच-पाच करून सुपात टाकल्या. मग म्हणाले, "अन् पोथी?"

"कोनती पोथी?"

"ती चष्मा लावून पोथी वाचे ते?"

मनकर्णाबाईंचं हसणं थांबलं. "नाई वाचत होती, भाऊजी," त्या हळू म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी त्या स्वतःच रुपरावांबरोबर कार्यालयात निघाल्या. नानाजींना त्यांनी सांगितलं, "सदरले जाऊन येतो. भाजी झाकून ठेवली हाय." नानाजी "हं" म्हणाले. आपण बायकोला काय म्हणालो आणि कशाला, हे ते दार लागायच्या आत विसरले.

साहेबांना मनकर्णाबाईंचं म्हणणं पटलं नाही. अकरा बायांना एकच चष्मा ही गोष्ट शासनाच्या नजरेतून सुटणं शक्य नव्हतं. त्यांनी चौऱ्याहत्तर सालचा अहवाल मागवला. अहवालात खरोखरच नोंद होती. 'वर्गातील शंभर टक्के महिलांना वाचनाने चष्मा लागला असून योजना पूर्णपणे यशस्वी झाली आहे.' या अहवालावर तेव्हाच्या साहेबांना बढतीही मिळाली होती.

"आता वहीच दाखवा त्याईले," मनकर्णाबाई म्हणाल्या. "काय होते तं होऊ द्या."

प्रकरण परीक्षेचं राहिलं नव्हतं, चौकशीचं झालं होतं. चौकशीत अभिलेख दहा मिनिटं दाखवायची तरतूद बोधनकरांना पाठ होती. त्यांनी घड्याळ काढून टेबलावर ठेवलं आणि वहीवरचा पुठ्ठा उचलला.

एका पानावर अकरा फोटो होते. टपालाच्या मोठ्या तिकिटाएवढे. अकरा पदर, अकरा काळे चष्मे, अकरा वेळा डाव्या काचेवर ओरखडा, आणि प्रत्येकीच्या अर्ध्या गालावर मंडळाचा शिक्का. 'वच्छला रुपराव काळबांडे' या नावासमोर एक बाई गंभीर चेहऱ्याने बघत होती. हसू नव्हतं. तीळ नव्हता.

"अगं बाई!" मनकर्णाबाई म्हणाल्या. "हे तं मी हावो!"

रुपरावांनी ते ऐकलं नाही. त्यांचं बोट खालच्या ओळीत सरकून चौथ्या फोटोवर थांबलं होतं. त्याच्यासमोर 'मनकर्णा नानाजी ढोबळे' असं लिहिलेलं होतं. फोटोतल्या बाईने ओठ घट्ट दाबले होते. चष्मा नाकावरून घसरायला आला होता, गाल फुगले होते आणि डोळे कॅमेऱ्याकडे नसून बाजूला, भिंतीकडे होते.

"हसू दाबून राहिली," रुपराव म्हणाले.

उरलेली आठ मिनिटं त्यांनी त्या फोटोवरून बोट उचललं नाही. बोधनकर घड्याळाकडे बघत होते. मनकर्णाबाईंनीच मग उलगडा केला. फोटो निघत होते तेव्हा मास्तरणबाई नावांची यादी करत होत्या. चष्मा बायांच्या नाकावर होता, त्यामुळे यादी त्यांनी चष्म्याशिवाय केली. दोन नावं वरची खाली झाली. फोटो यादीप्रमाणे चिकटवले गेले.

"म्हणजे मी एप्रिलमंदी खरं सांगतलं होतं," रुपराव म्हणाले. "चष्मा नव्हता. हसू होतं."

"वर्णन बरोबर असेल," साहेब म्हणाले. "पण ते या नावासमोरच्या फोटोशी जुळायला हवं. कार्यालय नाव मानतं. चेहरा काय, वयाप्रमाणे बदलत असतो. नाव बदलत नाही."

"मंग नावं दुरुस्त करा."

"जरूर," बोधनकर म्हणाले. "परिपत्रक आहे. दोन नावांची अदलाबदल झाली असेल तर दोघींनी समक्ष हजर राहून सह्या करायच्या."

"दोघींनी?"

"दोघींनी."

"मंग तो खालचा फोटो मनकर्णाबाईच्या नावानं द्या. त्या उभ्या हाय समोर."

"फोटो फक्त मयताचा परत करता येतो. या बाई हयात आहेत." बोधनकरांच्या आवाजात किंचित नाराजी होती. "या वारल्या की यांच्या यजमानांनी नमुना ड भरावा."

"मी मरू का मंग?" मनकर्णाबाईंनी कमरेवर हात ठेवले. "मरतो ना, पन माह्या नवऱ्याच्या अन् तुमच्या भरोशावर? तो फोटो पायल्याशिवाय बायको ओळखत नाई, अन् तुमी फोटो पाहून ओळखत नाई!"

साहेबांनी चौकशी पूर्ण झाल्याचा शेरा मारला. रुपरावांचे सोळा गुण कायम धरण्यात आले, चष्म्याचा आक्षेप मागे घेण्यात आला, आणि जानेवारीत त्यांना टपालाने 'वच्छला रुपराव काळबांडे' यांचा फोटो मिळाला, मागे तसं प्रमाणित करून. फोटो मनकर्णाबाईंचा होता.

रुपराव तो लावणार नव्हते. पण फाल्गुन आला, वर्षश्राद्धाला माणसं जमली, आणि रामाजी दारातूनच म्हणाला, "कुठं हाय भाऊजी फोटो? का औंदाही लुगडंच?" रुपराव काही बोलायच्या आत मनकर्णाबाईंनी आतून फोटो आणून पाटावर ठेवला आणि हार घातला.

"अवो, काय करून राहिल्या!" रुपराव त्यांच्या कानाशी म्हणाले. "लोक काय म्हणतीन?"

"काय म्हणतीन? पंधरा वर्षं झाली याईले जेवू घालून राहिलो. एकानं मान वर करून पायलं असन तं माहं नाव बदला."

कोणीच काही म्हटलं नाही. उलट सगळ्यांनी एकमताने सांगितलं की फोटो हुबेहूब आला आहे. गल्लीतल्या एका बाईंनी वच्छलाबाईंचा हा चष्मा आपल्याला चांगला आठवतो असं सांगितलं. दुसऱ्या एकीला तर तो कुठल्या दुकानातून घेतला हेही आठवलं. रामाजी फोटोपुढे बसून रडला. खोटं नाही, खरंच रडला. "डोळे पाहा," तो म्हणाला, "माह्या मायचेच डोळे!" मनकर्णाबाई पंगतीत भात वाढत होत्या. त्या फोटोसमोर आल्या, जरा वाकल्या आणि हार डावीकडे सरकवला. कान झाकला जात होता.

नानाजी शेवटच्या पंगतीत बसले. त्यांनी फोटोला नमस्कार केला आणि रुपरावांना म्हणाले, "चांगली बाई होती. कधी उलटून बोलली नाई."

"कोन?" रुपरावांनी विचारलं.

"हे ना, तुमची," नानाजींनी आपल्या बायकोच्या फोटोकडे बोट केलं.

गोष्ट इथे संपायला हवी होती, पण मनकर्णाबाईंनी ती संपू दिली नाही. पुढच्या आठवड्यात त्यांनी स्वतः मंडळाकडे अर्ज केला की वहीत माझ्या नावासमोर भलत्याच बाईचा फोटो आहे. हयात विद्यार्थिनीच्या तक्रारीची तपासणी करणं कार्यालयाला भाग होतं. पद्धत तीच. अर्जदार बाई हीच ती बाई आहे हे ठरवण्यासाठी पतीने तिच्या चेहऱ्याचं वर्णन द्यायचं, बाईंना बाहेर बसवून. एकवीस प्रश्न, पंधरा गुण. चौकशी चालू असेपर्यंत दर नव्वद दिवसांनी संबंधितांना वही दहा मिनिटं बघायला मिळते. साक्षीदार म्हणून रुपरावांचं नाव दिलेलं आहे.

पहिल्या सुनावणीच्या आधी रुपरावांना धास्ती होती. नानाजी पास झाले तर प्रकरण निकाली निघणार आणि वही रेकॉर्ड रूममध्ये जाणार. तिथे गेलेला कागद परत आल्याचं बोधनकरांच्या दोन्ही स्मरणांत नव्हतं. म्हणून आदल्या दिवशी रुपरावांनी ओट्यावर नानाजींची थोडी परीक्षा घेतली. मनकर्णाबाई दहा हातांवर पाठमोऱ्या बसून भांडी घासत होत्या.

"नानाजी, तुमच्या बाईच्या हनुवटीवर तीळ हाय का गा?"

नानाजींनी बराच विचार केला. "कधीचं विचारून राहिले? आताचं का पयलेचं?"

"आताचं."

"आता..." नानाजींनी बायकोच्या पाठीकडे बघितलं. "अवं, जरा इकडं वळ वं."

"मुळीच नाई वळत," मनकर्णाबाई म्हणाल्या.

रुपरावांची काळजी मिटली. नानाजींना काही चुकीचं शिकवावं लागत नाही. आतापर्यंत ते पाच वेळा बसले आणि पाचही वेळा प्रामाणिकपणे नापास झाले. पहिल्या वेळी आठ गुण होते, आता सहावर आले आहेत. प्रकरण प्रलंबित आहे. दर नव्वद दिवसांनी रुपराव धुतलेलं धोतर नेसून सदरला जातात, बोधनकर "बोला, आपलं काय काम?" असं विचारतात, घड्याळ टेबलावर येतं, आणि दहा मिनिटं चौथ्या फोटोतली बाई ओठ दाबून भिंतीकडे बघत राहते. घरी चुलीजवळची बाई आता पुन्हा वळते. वळते तेव्हा तिला चष्मा असतो. रुपराव तो काढायचा प्रयत्न करत नाहीत.

नानाजींना हसला असाल तर हरकत नाही. नमुना ड कुठल्याही कागदावर भरता येतो. घरातलं माणूस आत कुठेतरी काम करत असेल. त्याला हाक मारू नका, मान वर करून बघू नका. तीळ डावीकडे की उजवीकडे, इथपासून सुरुवात करा. पंधरा गुण लागतात. कमी पडले तर नव्वद दिवसांची मुदत आहे, असं परिपत्रकात लिहिलं आहे.